रसूलबीचं भांडण

रसूलबी मणेरीण आमच्या ओट्यावर मांडी घालून नीट बसलेली मी कधी पाहिली नाही. एक गुडघा टेकलेला, दुसरा उभा, तोंड रस्त्याकडे. बांगड्या भरून होईपर्यंत तिची सारखी चुळबूळ चाललेली. मार्गासनीपासून वेल्ह्यापर्यंतच्या सगळ्या बाया मनगटं वर करून तिच्या नावानं हाका मारत असाव्यात, असं वाटायचं. "अगं, टेक की घडीभर, पाणी तरी पी," म्हटलं की म्हणायची, "म्या बसले तर ऊन थांबतंय व्हय?" आणि पाणी उभ्या उभ्या, वरून ओंजळीत घेऊन प्यायची. आमचं भांडं तिनं तोंडाला लावायचं नाही, असा त्या वेळचा रिवाज. ती त्याबद्दल कधी बोलली नाही आणि आम्हीही नाही.

मीही काही शांत बाई नव्हे. हे लिहायला बसल्यापासून दोनदा उठून आले, एकदा चुलीवरच्या दुधासाठी आणि एकदा उगाचच. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. रसूलबीच्या तर दोन्ही पायांना होती. म्हणून आमचं जमलं आणि म्हणूनच आमची भांडणंही झाली.

मणेर म्हणजे बांगड्यांचा धंदा करणारे मुसलमान. भोरात त्यांची चार-पाच घरं होती. माझं माहेर भोरचं, त्यामुळे लग्नाआधीपासून ती मला ठाऊक. भोरहून निघायची ती नसरापूर, मग आमचं मार्गासनी, मग पाली, वेल्हे, असं सारं खोरं पायी फिरून पंधरवड्यानं परत. डोक्यावर पाटी, दोन्ही खांद्यांवर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. दिसायच्या आधी ऐकू यायची. तिच्या स्वतःच्या हातात मात्र एकही बांगडी नसायची. बायका नाकं मुरडायच्या. ती म्हणायची, "माजा हात कामाचा. त्यात कायबी नगं."

एकदा कुणीतरी तिला नसरापुरात सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं, म्हातारपणी पाय दुखतात म्हणून. म्हातारपण कसलं, चाळिशी तरी उलटली होती की नाही कोण जाणे. पहिल्या चढाला मोटार अशी हादरायला लागली, की तिच्या माळा एकमेकींवर आपटू लागल्या. ही उठली, ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली आणि चालती मोटार थांबवून खाली उतरली. वर म्हणते कशी, "तुज्या मोटारीपेक्षा माजी चाल सुदी हाय." दिलेले पैसे मागायलासुद्धा ती थांबली नाही.

बायकांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. ती आम्हाला मापानं ओळखायची. मी सव्वादोन. माझी जाऊ अडीच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पावणेतीन. रस्त्यातूनच ओरडायची, "पावणेतीन हाईत का घरात?" आत्याबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. साऱ्या गावात त्यांच्याशी मान वर करून बोलायची कुणाची छाती नव्हती आणि ही त्यांना मापानं पुकारायची! पण आत्याबाई हात पुढे करायच्या तिच्याचसमोर. कारण असं की, रसूलबीच्या हातून बांगडी क्वचितच वाढायची. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. मुसलमानाची असून हे ती आमच्यापेक्षा कडक पाळायची.

तिचं कसब बोटांत होतं, तसंच तोंडातही. घट्ट बांगडी चढवायची तर हात सैल पाहिजे. आणि बाईला "हात सैल सोड" म्हटलं, की ती नेमका ताठ करते. म्हणून रसूलबी काय करायची, तर भांडण उकरून काढायची. पालीला एका लग्नात मी स्वतः पाहिलं. नवरी रडून रडून लाकूड झालेली, मुठी आवळलेल्या. हिरव्या चुड्याची पहिलीच बांगडी गाठीवर अडकली. सगळ्याजणी "सोड गं बाई हात, सोड गं" करतायत. रसूलबीनं नवरीचा हात मांडीवर घेतला आणि तिच्या आईकडे बघून म्हणाली, "पुरनपोळ्या कुनी केल्या गं? चपलंला तळवा म्हनून लावल्या असत्या तर बरं व्हतं." नवरीचं रडणं थांबलं. "माज्या आईनं केल्यात! तुला काय कळतंय पोळ्यातलं?" "कळतंय की. दातात अडकल्या हाईत अजून." मग काय, जी जुंपली! नवरी तावातावानं आईच्या हातची एकेक भाजी मोजून सांगत होती आणि इकडे रसूलबीची बोटं तिच्या अंगठ्याचं मूळ आत दाबत, करंगळी दुमडत, एकामागून एक बांगडी सारत होती. नवरी बोलायची थांबली तेव्हा चुडा भरून झाला होता. "लई ग्वाड व्हत्या पोळ्या," असं म्हणून रसूलबीनं पाटी उचलली.

हे सगळं हसण्यासारखं. आता जे सांगायचं आहे ते तसं नाही.

माझा पहिला मुलगा माहेरी, भोरात झाला आणि नवव्या दिवशी गेला. त्याचं नाव ठेवायचंच राहिलं. त्याला माझं दूध ओढताच आलं नाही. सगळे म्हणाले, हिचं दूध पोराला रुचत नाही. मग शेळीच्या दुधात पाणी घालून त्याला बोळ्यानं पाजलं. कापसाचा बोळा दुधात बुडवायचा आणि तोंडात पिळायचा. त्याला जुलाब लागले. मी बाजेवर पडून छताकडे बघत राहिले. अठरा वर्षांची होते. कुणाला काही विचारलं नाही आणि मला कुणी काही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी, पौषात, मार्गासनीला सासरी मुलगी झाली. हौसा. तेव्हा तिलाही नाव नव्हतं, पण मी मनात ठेवलं होतं. या वेळी तरी नाव ठेवून टाकायचं, अशी मला घाई झाली होती.

पण रीत तीच. बाळंतिणीला पहिले तीन दिवस येतो तो चीक, दाट, पिवळा. तो बाळाला जड जातो म्हणून पिळून भुईवर टाकायचा. तोवर बाळाला गुळाचं पाणी बोळ्यानं. माझ्या आईनं तेच केलं, आत्याबाईंनी तेच केलं आणि माझ्याही मनात कधी शंका आली नाही. चौथ्या दिवशी बाळ छातीला लावलं. तोवर छाती दगड झाली होती. हात लावला तरी जीव जायचा. अंगात ताप. बाळ तोंड मारायचं, घसरायचं, पुन्हा मारायचं, पुन्हा घसरायचं. पोरीचा चेहरा रडून जांभळा व्हायचा. सुईण आली, एरंडाची पानं शेकून बांधून गेली. जाऊबाईंनी शेगडी जवळ सरकवली. दगड आणखी तापला, एवढंच. पाचवी झाली. सहाव्या दिवशी सकाळी सुईण म्हणाली, "हिचं दूध लेकराला रुचंना. आदीबी तसंच झालं म्हनं."

आत्याबाईंनी बाळाचं कपाळ चाचपलं. मग म्हणाल्या, "शेळी आना."

शेळी आणून अंगणात बांधली. खोलीला खिडकी नव्हती, पण ती ओरडायची ते ऐकू यायचं. दर वेळी ती ओरडली, की मी पदर कानांवर दाबायचे. मी म्हटलं, "आत्याबाई, शेळीचं नको." त्या म्हणाल्या, "मग काय पाजू? रगत?" त्यांचा आवाज चिरकला. त्यांनाही भीती वाटत होती हे मला आज कळतं. त्यांचीही दोन गेलेली. तेव्हा मात्र मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

दुपारी रस्त्यावर काकणं वाजली. "सव्वादोन बाळंत झाली म्हनं?"

"सुवेर हाय," आत्याबाई ओरडल्या. "बाराव्याला ये बांगड्या भरायला."

"येते की," रसूलबी म्हणाली. आणि मग म्हणाली, "ह्ये असलं कसलं रडनं?"

बाळ रडत होतं, पण सकाळपासून त्या रडण्यातला जोरच गेला होता. मांजराचं पिल्लू पोत्यात घालावं तसा आवाज. रसूलबीनं पाटी ओट्यावर टाकली, माळा उतरवल्या आणि दारातला कडुलिंबाचा टाळा बाजूला सारून सरळ आत आली. आत्याबाई मागून धावल्या. "अगं ए! शिवू नगं! सुवेर लागंल तुला!"

"आक्का," ती वळूनही न बघता म्हणाली, "मी मुसलमानाची. मला कुठलं तुमचं सुवेर लागतंय?"

आत्याबाई दारातच थबकल्या. साऱ्या आयुष्यात त्यांना असं कुणी अडवलं नव्हतं. सुवेर म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, तो लागतो ज्यांना पाळायचा असतो त्यांना. जिला पाळायचाच नाही तिला काय लागणार? आणि बाराव्याला घरभर गोमूत्र शिंपडायचंच होतं, त्यात रसूलबीचाही विटाळ जाईल, असंही त्यांनी मनाशी ठरवलं असावं. त्या दारात उभ्या राहिल्या, पण तिला बाहेर काढलं नाही.

रसूलबीनं आधी बाळाची लंगोटी चाचपली. "मुतली कवा?"

"काल रातच्याला," मी म्हटलं. "नंतर कोरडीच."

तिनं माझ्या छातीला हात लावला आणि मी किंचाळले. "बाई गं," ती म्हणाली, "हितं तर चुड्याच्या वक्ताचा हात झालाय." पानं सोडून तिनं कोपऱ्यात भिरकावली. जाऊबाईंना म्हणाली, "अडीच, कोमट पाणी आन फडकं आन. आन ती शेगडी न्हे आदी." मग माझ्याजवळ बाजेवर बसली. चक्क बसली. "थान काय आन हात काय, पोरी. ताठलं की आत काय शिरत न्हाई आन भाईर काय निघत न्हाई. तिच्या तोंडात दगुड दिल्यावर ती काय वडंल?"

ओल्या फडक्यानं शेकून झाल्यावर तिनं पाची बोटांची टोकं काळ्या भागाभोवती टेकवली आणि हळूहळू आत दाबली. दाबायची, थांबायची, सोडायची. बांगडीच्या वेळी अंगठ्याचं मूळ दाबायची, अगदी तसंच. ओढणं नाही, चोळणं नाही. दगडात बोटांचे खळगे उठायला लागले. दोन थेंब आले. तिनं बाळाला माझ्या काखेखालून आडवं धरलं, हनुवटी आधी टेकवली. बाळानं तोंड मारलं आणि घसरलं. पुन्हा दाबलं, पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा तेच. मी दात आवळून पडले होते. बाहेर शेळी ओरडली. माझं सारं अंग काठी झालं.

रसूलबीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही पोळ्यांवरून भांडणार. मी तयार होते. भांडायला मला कुठं कुणी शिकवावं लागतं?

ती म्हणाली, "पैला पोरगाबी असाच उपाशी मारलास व्हय गं?"

मला आधी ऐकू आल्यासारखंच वाटलं नाही. मग मी तिच्या अंगावर धावले. बाजेवरून उठता येत नव्हतं, तरी तिच्या दंडावर, तोंडावर, जिथं हात पोचला तिथं मारलं. आणि बोलत सुटले. मी मारलं? मी? माझं दूध तुम्ही भुईवर ओतलंत! मला कुणी विचारलं? त्याला माझ्यापासून उचलून नेलंत, बोळे पिळलेत, मी इकडे भिजत होते आणि तो तिकडे मरत होता, मला त्याचं तोंडसुद्धा शेवटी नीट बघू दिलं नाहीत! दोन वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते सगळं निघालं. हुंदके देऊन देऊन बोलत होते. आत्याबाई दारात ऐकत होत्या, जाऊबाई ऐकत होत्या, मला कशाची पर्वा नव्हती.

आणि माझी चोळी भिजली. आधी कळलंच नाही, वाटलं डोळ्यांचंच पाणी आहे. रसूलबी माझे फटके खात होती आणि तिचा एक हात तिथंच होता, दाबून धरलेला. दुसऱ्या हातानं तिनं बाळ पुढे केलं. या वेळी ते घसरलं नाही. कान हलायला लागले. मग गळ्यात आवाज आला, घुटुक. मग पुन्हा.

"झालं," रसूलबी म्हणाली. "आता काय शिव्या द्यायच्या त्या दे, पन हळू दे. पोरगी पीतीया."

तिच्या गालावर माझ्या नखाचा ओरखडा होता. दोन्ही बाजू पाजून होईपर्यंत ती बसली. मग उठली, माळा खांद्यावर टाकल्या. आत्याबाई पाणी घेऊन उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी तांब्या तिच्या हातात दिला. तिनं मात्र तो परत आत्याबाईंच्या हातात दिला आणि नेहमीसारखी ओंजळ पुढे केली. जाता जाता म्हणाली, "आक्का, म्हशीचा चीक खरवस करून खाता आन लेकराच्या वाटनीचा भुईवर पिळता. कुनी शानं केलं गं तुमाला? आमीबी तेच करायचो म्हना. माजंबी एक गेलं." संध्याकाळी शेळी ज्यांची होती त्यांच्याकडे परत गेली.

एवढं झाल्यावर मी तिचे पाय धरायला हवे होते. छे! मी वर्षभर तिच्याशी बोलले नाही. बारशाला ती आली, मी हात पुढे केला, बांगड्या भरून घेतल्या, तोंड फिरवून बसले. हौसा अंगणात रांगायला लागली, चांगली गुटगुटीत, तरी ते एक वाक्य माझ्या छातीत काट्यासारखं रुतलेलं. शेवटी एकदा मीच न राहवून विचारलं, "रसूलबी, तुला तसं बोलवलं तरी कसं गं?"

ती बांगड्या निवडत होती. "हात बगून बांगडी घालावी लागती, सव्वादोन. तुजा हात पोळ्यावर सुटनारा नव्हता." माळेची गाठ आवळत म्हणाली, "मला काय ग्वाड वाटलं व्हय? त्या दिवसानंतर चार गावं पाटी घेऊन हिंडले, कुनाशी भांडाय आलं न्हाई मला." मग माळा उचलून चालायला लागली. माझा राग त्यानंतर कधीतरी गेला. कधी ते सांगता येणार नाही. तिसऱ्या वेळी मुलगा झाला तेव्हा मी कुणालाही न विचारता पहिल्याच तासाला छातीला लावला. आत्याबाईंनी पाहिलं आणि पाठ फिरवून चुलीकडे गेल्या.

मग बरीच वर्षं गेली. मधे लढाई झाली, काच महागली, रसूलबीच्या माळा एकाच खांद्यावर आल्या. बोटांचे सांधे सुजून तिची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली. बांगड्या वाढायला लागल्या. बायका दुसऱ्या मणेरणीकडे हात द्यायला लागल्या. ती फिरत राहिली.

एका सकाळी ती आमच्या दारात आली ती वेल्ह्याच्या बाजूनं नव्हे, नसरापूरच्या. म्हणजे नुकतीच फेरी सुरू केलेली. पाटीही उतरवली नाही. "वरव्यात तुजी भन दिलीय न्हवं? सव्वादोनच, तुज्याच मापाची."

अनसूया, माझी चुलत बहीण. नसरापूरच्या पलीकडे, वरवे बुद्रुकला मोठ्या घरी दिलेली. पाच दिवसांची बाळंतीण.

"ताठलीय," रसूलबी म्हणाली. "गड्यांच्या बाया बोलत हुत्या. म्या गेले तर पायरी चढू दिली न्हाई. चल."

"मी येऊन काय करू?"

"तू आतली हाईस. आन माज्या बोटांत आता दम न्हाई. चल म्हनते न्हवं!"

हौसा आता सैपाक करण्याएवढी झाली होती. घर तिच्यावर टाकून मी निघाले. रस्ताभर रसूलबी मला माझ्याच दंडावर दाबून दाखवत होती. इतकं, यापेक्षा जास्त नाही. मोज. सोड. मला सारखी भीती वाटत होती, माझ्या हातून काही चुकलं तर? पोर दगावलं तर? मी चारदा म्हटलं, परत जाऊ. चारही वेळा ती पुढे चालत राहिली.

वरव्याचं घर दगडी, मोठ्या दाराचं. अनसूयेच्या सासूला सगळे काकीसाहेब म्हणत. सोन्याच्या पाटल्या, अंगानं भारदस्त, आवाज हळू, आणि त्या हळू आवाजाला सारं घर चळचळा कापायचं. मला त्यांनी आत घेतलं. मी म्हटलं, "ही रसूलबी, हिला या कामातलं..." काकीसाहेबांनी माझ्याकडे फक्त बघितलं. आणि मी गप्प बसले. माझी पोर जिनं वाचवली तिच्यासाठी मी एक वाक्य पुरं केलं नाही. साऱ्या जगाशी भांडते मी, आणि नेमकी तिथं माझी वाचा बसली. मला त्याची अजून लाज वाटते. रसूलबी पायरीखाली उन्हात उभी राहिली.

माडीवरच्या खोलीत अनसूया भिंतीकडे तोंड करून पडलेली. तीच दगड झालेली छाती, तोच ताप. बाळाचं रडणंही तसंच. मी कोमट फडकं मागितलं, शेकलं, दाबलं. थांबले, सोडलं. थेंब आले. बाळ लावलं, घसरलं. पुन्हा. पुन्हा. अनसूयेची मान दाराकडे, कान बाहेरच्या पावलांकडे. पाऊल वाजलं की तिचे खांदे आखडायचे. मला कळत होतं काय करायला हवं. पण रसूलबीनं मला सुनावलं होतं तसं काही या पोरीला सुनवायचं? माझ्या तोंडून ते निघेना. मी खिडकीच्या गजांतून खाली बघितलं. रसूलबी वरच बघत होती. मी मान हलवली, नाही म्हणून.

तिनं पाटी डोक्यावरून काढून पायरीवर आदळली.

"ओ काकीसाब!" तिचा आवाज अख्ख्या आळीत गेला. "मागल्या दिवाळीचं इसरला व्हय? तीनाचा हात आन अडीचची बांगडी मागता! तीनाचा हात, अडीचची हौस!"

गड्यांनी हातातली कामं टाकली.

"तिगी बायांनी हात धरला तुमचा! आये गं, आये गं करून रडला! शेवटी साबन लावला मी, साबन! पाटल्या मिरवता, आन हात कसा सुटला ते कुनी सांगायचं?"

काकीसाहेबांचा तो हळू आवाज पहिल्यांदाच चढला. "हाकला हिला!" गडी धावले. कुणी तिचा दंड धरला. ती हटेना. "तीनाचा हात! सांगा की सुनेला, किती ओरडला त्ये!"

अनसूयेनं माझ्याकडे बघितलं. तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं, रडते. ती हसत होती. तोंडावर पदर दाबून, अंग घुसळून, पाच दिवसांत पहिल्यांदा. "साबन लावला!" ती कशीबशी म्हणाली आणि पुन्हा फुटली. माझ्या बोटांखाली दगड मऊ झाला. ओलं लागलं. मी बाळ पुढे केलं, हनुवटी आधी टेकवली, आणि दाबलेली बोटं तशीच ठेवली.

बाळानं धरलं.

खाली काकीसाहेब बजावत होत्या, "पुन्हा या गावात पाय टाकलास तर बघ. वरव्यातल्या एकाही घरात तुझ्या बांगड्या जायच्या नाहीत." गडी तिला वाड्याच्या फाटकापर्यंत ढकलत घेऊन गेले. पाटी उचलून, माळा अंगाशी सावरत ती एक शब्दही न बोलता गेली. आता बोलायची गरज नव्हती की दम संपला होता, मला कळलं नाही.

गजांतून मला रस्ता दिसत होता. फाटकाबाहेर काही अंतरावर ती थांबली. इतकी वर्षं मी तिला ओळखत होते, तिला अशी स्वस्थ उभी पाहिली नव्हती. पाटी हातात, तोंड आमच्या खिडकीकडे. तिला ऐकायचं होतं, एवढंच. बाळ रडतंय की नाही. पण मधे गडी बोलत होते, कुत्री भुंकत होती, तेवढ्या लांबून तिला काही कळत असेल असं वाटत नव्हतं.

मला ओरडून सांगायचं होतं, पितंय गं, रसूलबी, पितंय. पण ओरडले असते तर बाळ दचकलं असतं. हात हलवायला बोटं काढली असती तर त्याच्या तोंडातून सुटलं असतं. ती थोडा वेळ उभी राहिली, मग पाटी डोक्यावर घेऊन नसरापूरच्या बाजूनं चालायला लागली. तिला मी शेवटचं पाहिलं ते तेवढंच. बाळ पीत होतं, आणि मी न हलता, तोंड मिटून बसून राहिले.